भरल्या पोटाचा नियम

लेनिनग्राड, डिसेंबर १९४१. पहाट झाली असं घड्याळ सांगतं, आकाश सांगत नाही. पावाच्या दुकानासमोरच्या रांगेत तुम्ही उभे आहात. कुणी बोलत नाही. बोलायलाही अंगात बळ लागतं. ८ सप्टेंबरला शहराला वेढा पडला आणि २० नोव्हेंबरपासून रेशन अगदी तळाला गेलं. कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, बाकी सगळ्यांना, म्हणजे कारकुनांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांना, १२५ ग्रॅम. तोही निव्वळ पिठाचा नव्हे. त्यात सरकीची पेंड आहे, लाकडातून काढलेला सेल्युलोज आहे. तुकडा हाताला ओलसर आणि जड लागतो. रांगेतल्या प्रत्येकाची नजर तराजूच्या काट्यावर आहे. बाजारात सोन्याचं घड्याळ देऊन पाव घेणारे लोक आहेत, आणि घड्याळ घ्यायला कुणी तयार नाही म्हणून परत फिरणारेही.

इथे येण्याआधी तुम्ही एक अट मान्य केली आहे: बघायचं, हात लावायचा नाही. विज्ञानकथा वाचणाऱ्या प्रत्येकाला ही अट पाठ असते. भूतकाळातला एक दाणा इकडचा तिकडे झाला तरी पुढचं जग बदलेल, म्हणून प्रवाशानं साक्षीदार व्हावं, पात्र होऊ नये. पण तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात शेंगदाण्याची चिक्की आहे. निघताना सहज घातलेली. तुमच्यापुढे एक बाई उभी आहे, तिचा हात धरून एक मूल उभं आहे, आणि खिशातला कागद चुरचुरला तेव्हा त्या मुलानं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही देत नाही. अट पाळता. मी त्यासाठी तुम्हाला दोष देत नाही, पण अट पाळता आली ती कशाच्या जोरावर, एवढं मात्र इथेच नोंदवून ठेवा. तुमचं पोट भरलेलं होतं. हस्तक्षेप न करण्याचा नियम उपाशी माणसाला कधीच सुचत नाही.

याच शहरात आठ वर्षांचा बोरिस स्त्रुगात्स्की आपल्या आईवडिलांबरोबर आणि थोरल्या भावाबरोबर हा हिवाळा काढतो आहे. जानेवारीत वडील आणि अर्काडी लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या वाटेनं शहराबाहेर पडतील. वडील वोलोग्दापर्यंत पोहोचतील आणि तिथे मरतील. अर्काडी वाचेल. बोरिस आईबरोबर मागे राहील, आणि तोही वाचेल.

आता एकवीस वर्षं पुढे या. बोरिसनं पुल्कोवो वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम केलं आहे, अर्काडी जपानी भाषेचा अनुवादक आहे, आणि दोघं मिळून विज्ञानकथा लिहितात. एक टाइपरायटरपुढे बसतो, दुसरा खोलीत येरझाऱ्या घालतो, आणि दोघांना पटल्याशिवाय एकही वाक्य कागदावर उतरत नाही. बाहेर विपुलतेची तारीख जाहीर झाली आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनानं ठरवलं की वीस वर्षांत साम्यवादाचा भौतिक पाया तयार होईल, आणि मग प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे मिळेल. सात महिन्यांनी, १ जून १९६२ रोजी, मांस आणि लोण्याचे भाव वाढवले गेले. नोवोचेरकास्कमधल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले, आणि दुसऱ्या दिवशी सैन्यानं गोळीबार केला. वीसहून अधिक माणसं मेल्याचं देशाला कळायला जवळपास तीस वर्षं जावी लागली. १९६३ मध्ये पीक बुडालं तेव्हा हाच देश कॅनडा आणि अमेरिकेकडून गहू विकत घेत होता.

स्त्रुगात्स्की बंधूंच्या कथांमधली बाविसाव्या शतकातली पृथ्वी मात्र भरलेली आहे. तिथे पैसा नाही, कुणी कुणाच्या ताटाकडे बघत नाही, लोक काम करतात ते कामाच्या ओढीनं. हे प्रचाराचं चित्र म्हणून सोडून देणारे वाचक मला भेटले आहेत, आणि मला ते पटत नाही. ज्या मुलानं १२५ ग्रॅम पाव मोजून खाल्ला, त्यानं मोजणीच नसलेलं जग कल्पावं, यात भाबडेपणा नाही. ती स्वतःच्या भुकेच्या अनुभवातून आलेली मागणी आहे.

१ डिसेंबर १९६२ रोजी सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह मॉस्कोच्या मानेझ सभागृहातलं चित्रप्रदर्शन बघायला जातात आणि नव्या धर्तीच्या चित्रकारांवर अर्वाच्य भाषेत तुटून पडतात. पाठोपाठ लेखक-कलावंतांना दम भरण्याची मोहीम सुरू होते. या भावांच्या मनात त्या वेळी एक आनंदी साहसकथा घोळत होती: तलवारी, झगे, परग्रहावरचं मध्ययुग. त्या हिवाळ्यात तिचा रंग बदलला. आता गोष्टीतला खलनायक सरदारांना नव्हे, साक्षर माणसांना मारत सुटतो. त्याचं नाव आधी ‘रेबिया’ होतं; त्यात स्तालिनचा गुप्त पोलीसप्रमुख बेरिया याचं नाव उलटसुलट करून लपवलेलं आहे हे ओळखून ज्येष्ठ लेखक इव्हान येफ्रेमोव्ह यांनी ते बदलायला सांगितलं. ‘देव असणं अवघड’ या अर्थाच्या नावानं ती कादंबरी १९६४ मध्ये आली.

तिच्यात शिरा. अर्कानार नावाच्या राज्याची राजधानी, गटारांचा वास, राखाडी कपड्यांतले गुंड, फासावर लटकलेले पुस्तक-लेखक. डॉन रुमाता नावाच्या सरदाराच्या घरी तुम्ही पाहुणे आहात. रुमाताचं खरं नाव अंतोन. तो पृथ्वीवरून आला आहे, प्रायोगिक इतिहास संस्थेचा माणूस म्हणून. कपाळावर सोन्याचं कडं आहे आणि त्यात दडलेला कॅमेरा तो जे बघेल ते पृथ्वीवर पाठवतो. त्याच्या घरात एक यंत्र आहे, त्यात लाकडाचा भुसा घातला की सोन्याच्या मोहरा पडतात. हवं तेवढं सोनं. पण तुम्ही लेनिनग्राडचा बाजार पाहून आला आहात. शेतात पीक नसताना आणि कोठारावर गुंड बसलेले असताना सोन्यानं कुणाचं पोट भरतं? रुमाता त्या मोहरांनी लाच देतो, एखाद्या विद्वानाला तुरुंगातून सोडवतो. तेवढंच. ज्याच्याकडे सगळं आहे त्याच्या हातून होतं ते इतकंच, आणि हे लिहिताना दोन्ही भावांचा हात कुठेही थरथरलेला दिसत नाही.

असाच सोडवलेला एक म्हातारा वैद्य, बुदाख, त्या रात्री टेबलाशी बसला आहे. रुमाता त्याला विचारतो: देव भेटला तर त्याला काय सल्ला द्याल? तुम्ही खुर्ची पुढे ओढा, कारण विज्ञानकथेत विपुलतेवर याहून नेमकी बोलणी मला माहीत नाहीत. म्हातारा म्हणतो, लोकांना भाकरी, मांस, कपडा, निवारा भरपूर द्यावा. भूक गेली की भांडण जाईल. रुमाता देवाच्या बाजूनं उत्तर देतो: बळकट लोक ते दुबळ्यांकडून काढून घेतील. मग क्रूर बळकटांना शासन करावं. त्यांच्या जागी दुबळ्यांमधले बळकट येतील, तेही क्रूर होतील. मग सगळ्यांना इतकं द्यावं की काढून घ्यायची गरजच उरू नये. तर माणसं कष्ट विसरतील आणि देवाची पाळीव जनावरं होतील. बुदाख गोंधळतो, हसतो, पुन्हा प्रयत्न करतो. शेवटी तो म्हणतो, मग आम्हाला पुसून नव्यानं घडव, नाहीतर आमच्या वाटेनं आम्हाला जाऊ दे. आणि रुमाता म्हणतो की माझ्या मनात कणव भरलेली आहे, मला तेही जमणार नाही.

ही बोलणी वाचून बहुतेक वाचक रुमाताच्या बाजूनं सुस्कारा सोडतात. मी बुदाखच्या बाजूचा आहे. त्याला प्रश्न विचारला तो खेळ म्हणून. समोर बसलेला माणूस खरंच आभाळातून आलाय, त्याच्याजवळ खरंच यंत्रं आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं देवाला सल्ला दिला नसता, या माणसाशी सौदा केला असता: दवाखान्याला औषध दे, छापखान्याला शिसं दे, आमच्या दहा पोरांना तुमच्या शाळेत ने. रुमाताच्या प्रत्येक उत्तरात माणसं एक तर लुटणारी आहेत किंवा लुटली जाणारी. एकत्र बसून ठरवणारी माणसं त्याच्या हिशेबातच नाहीत. पुढे किरा, त्याची प्रेयसी, बाण लागून मरते, आणि तो तलवार घेऊन राजवाड्यापर्यंत प्रेतं पाडत जातो. कपाळावरच्या कड्यातून जे चित्र पाठवायचं, ते आता त्याचंच आहे.

लॉस एंजेलिसला फार वेळ थांबू नका, पण जायला हवं. ९ फेब्रुवारी १९६७ रोजी दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’चा एक भाग दाखवला गेला आणि त्यात ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला: मागासलेल्या संस्कृतीच्या वाढीत ढवळाढवळ करायची नाही. या नियमाचं श्रेय बहुधा मालिकेचे निर्माते जीन कून यांना दिलं जातं. ते स्वतः अमेरिकी मरीन दलात होते. तेव्हा व्हिएतनाममध्ये त्यांच्या देशाचे लाखो सैनिक उतरलेले होते. ३० जानेवारी १९६८ ला तिथे कम्युनिस्टांचा टेटचा हल्ला सुरू झाला, आणि २ फेब्रुवारीला मालिकेचा जो भाग आला त्यात मालिकेचा नायक कप्तान कर्क याचा शत्रू एका ग्रहावरच्या गावकऱ्यांना बंदुका पुरवतो, तर कर्क डोंगरातल्या माणसांना तेवढ्याच बंदुका देऊन तोल साधतो. नियम लिहिणाऱ्यांना तो मोडण्याचा मोह किती जवळून माहीत होता, हे त्या एका आठवड्यात दिसतं. साम्राज्यानं हात आवरावा, ही या नियमामागची इच्छा प्रामाणिक होती, आणि मला ती आजही मोलाची वाटते.

पण ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेतला १७ जानेवारी १९९४ चा ‘होमवर्ड’ हा भाग बघा. एका ग्रहाचं वातावरण विरत चाललं आहे. वर जहाज उभं आहे, ज्यात तोंडानं शब्द काढला की यंत्रातून गरम चहा येतो. खालच्या लोकांना जहाजाचा पत्ता नाही. कप्तान पिकार्ड नियमाला धरून काहीही करायला नकार देतो, आणि जहाजाचे अधिकारी पडद्यासमोर मान खाली घालून उभे राहतात, एक जग मरेपर्यंत. एका गावाचे लोक वाचतात ते एका माणसानं चोरून त्यांना वर आणलं म्हणून, आणि त्यालाच जाब विचारला जातो. हा भाग मला सहन होत नाही. साम्राज्याला आवरण्यासाठी केलेला नियम इथे साम्राज्याचीच झोप राखायला वापरला आहे.

आणि हा नियम खरोखर वापरला गेला तेव्हा काय झालं, ते बघायला अवकाशयान लागत नाही. सोलापूर जिल्हा, १८७७ च्या जानेवारीची अखेर.

पाऊस गेल्या वर्षी दगा देऊन गेला. दुष्काळी कामावर तुम्ही उभे आहात; शेकडो बायाबापड्या खडी फोडत बसल्या आहेत. कुणाच्या पोराला हातोडा पेलत नाही, ते आईनं फोडलेले खडे वेचतं. एक बाई तुमच्याकडे बघते. ‘पाव्हणं, कोण गाव म्हणायचं?’ तुम्ही काहीतरी सांगता. तुम्ही विचारता, गावात धान्य उरलंच नाही का? ती तुमच्याकडे खुळ्यासारखं बघत राहते. ‘वाण्याकडं जवारी हाय की. पैका कुठाय?’

तिच्या या उत्तरात जे आहे ते पुढे अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून मांडलं, १९८१ मध्ये पुस्तक लिहून: माणसं धान्य नसतं म्हणून मरतात त्यापेक्षा अधिक वेळा धान्यावर त्यांचा हक्क चालत नाही म्हणून मरतात. विज्ञानकथेतलं अन्न देणारं यंत्र मला म्हणूनच अपुरं वाटतं. ते वस्तूची टंचाई संपवतं. हक्काची टंचाई, कोठाराला कुलूप कुणाचं हा प्रश्न, ते जिथल्या तिथे ठेवतं.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचं धोरण ठरलेलं आहे: धान्याच्या खाजगी व्यापारात सरकारनं हस्तक्षेप करायचा नाही. भाव वाढले की धान्य आपोआप दुष्काळी भागाकडे वळेल. १ जानेवारीला त्यांनी दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं, आणि दुष्काळी मदतीचा खर्च आवरायला सर रिचर्ड टेंपल यांना दक्षिणेत पाठवलं. या टेंपलांची गोष्ट थांबून ऐकण्यासारखी आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच माणसानं ब्रह्मदेशातून जहाजं भरभरून तांदूळ आणवला, आणि माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली नाही. अवाढव्य खर्च केला म्हणून टीका झाली. तो धडा ते शिकले. आता त्यांनी मजुरी खाली आणली आहे: दिवसभराच्या कष्टाला पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, बाईला आणि पोराला त्याहून कमी. माणसाला वाचवता येतं हे स्वतःच्या हातानं सिद्ध केलेल्या माणसानं हात आखडता घेतला. याच दुष्काळाच्या काळात भारतातून तीन लाख टनांहून अधिक गहू इंग्लंडला गेला. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली.

हस्तक्षेप नाही, असं म्हणायला आधी हात बाहेर असावा लागतो. इथे शेतसारा इंग्रजांनी ठरवलेला, रोख पैशात आणि मुदतीत भरायचा. रेल्वे यांनी आणलेली, गावचं धान्य बंदरापर्यंत नेणारी. इतकं सगळं झाल्यावर, भुकेच्या दारात पोहोचल्यावर, नियम आठवला. अर्कानारच्या रुमाताला निदान हे म्हणता येत होतं की त्यांचं दारिद्र्य मी आणलेलं नाही.

आता त्या खडी फोडणाऱ्या माणसांकडे पुन्हा बघा, कारण विज्ञानकथेनं ज्यांना वाचवायचं की सोडायचं एवढंच ठरवलं, ती माणसं इथे उठून उभी राहतात. कमी केलेल्या मजुरीवर काम करायला नकार देऊन हजारो मजूर कामं सोडून जातात. उपाशी माणूस संप करतो आहे. पुण्यात सार्वजनिक सभा त्यांची बाजू घेते. १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका तिचे कार्यकर्ते, न्यायमूर्ती रानडे तिच्यामागचं डोकं. सभेची माणसं जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करतात: पिकाची स्थिती, धान्याचे भाव, गाव सोडून गेलेली घरं, मजुरीत काय येतं. ते सगळं अहवाल करून सरकारपुढे ठेवतात. एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून तिथला दुष्काळ कळवतात. धनकवडीला सत्यशोधक समाज मुलांना जेवू घालतो.

अंतोनच्या कपाळावरचा कॅमेराही बघतच होता आणि सभेचा कार्यकर्ताही बघत होता. कॅमेऱ्यातलं चित्र अर्कानारपासून दूर, पृथ्वीवरच्या इतिहासकारांकडे गेलं. सभेचा कागद ज्यांच्याबद्दल होता त्यांच्या वतीनं मागणी करत, ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांच्या टेबलावर गेला. पुढे दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, दुष्काळ संहिता तयार झाली. लोकांना उपासमारीतून वाचवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे निदान कागदावर आलं.

तुम्हाला अजून एका ठिकाणी न्यायचं आहे. बरोबर शंभर वर्षं पुढे, १९७७, आणि थोडं वर. स्कॉटिश लेखक इयन बँक्स यांनी कल्पिलेल्या ‘कल्चर’ नावाच्या संस्कृतीचं एक जहाज पृथ्वीभोवती फिरतं आहे. ही कथा ‘द स्टेट ऑफ द आर्ट’ नावानं १९८९ मध्ये आली. कल्चरमध्ये पैसा नाही, मालक नाहीत, रोग नाहीत. प्रचंड बुद्धीची यंत्रं सगळा कारभार सांभाळतात, आणि माणसं मनाला येईल ते करतात. आणि ही माणसं हात आवरून बसणारी नाहीत. दुसऱ्या संस्कृतींमध्ये शिरून त्यांना आपल्या मते बरी वाट दाखवणं हेच कल्चरच्या एका शाखेचं काम आहे. बँक्स यांना हा प्रश्न सोपा करायचा नव्हता, म्हणून त्यांनी नियमाची बाजूच उलटी केली: भरल्या घरच्या लोकांनी मदत करायचीच असं ठरवलं, तर काय?

जहाजावर चर्चा चालू आहे. डिझिएट स्मा या बाईचं मत आहे की पृथ्वीत हस्तक्षेप करायला हवा. एवढी हत्यारं, एवढी भूक बघून गप्प बसणं तिला शक्य नाही. जहाजाचं मत वेगळं पडतं, आणि निर्णय जहाजाच्या बाजूनं लागतो. पृथ्वीला तशीच ठेवायची, तुलनेसाठी. प्रयोगात एका कुंडीला खत घालत नाहीत, तशी. म्हणजे तुम्ही, मी, आपण सगळे, कुणाच्या तरी तक्त्यातली ती कुंडी. आता रांगेत उभं असलेलं ते मूल तुम्ही आहात, आणि चिक्की जहाजाच्या खिशात आहे.

याच १९७७ सालच्या महाराष्ट्राकडे खाली बघा. १९७२ चा दुष्काळ लोकांच्या अंगावर ताजा आहे. लाखो माणसं तेव्हा खडी फोडायला बसली होती, शंभर वर्षांपूर्वीसारखीच. पण या वेळी त्यातून कायदा निघाला: महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७; तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली होती. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसानं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. पुण्या-मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा थोडे रुपये कापून दुष्काळी गावाच्या रस्त्यावर गेले. मजुरी उशिरा मिळते, कामाच्या ठिकाणी सावली नसते, हजेरीपटावर खोटी नावं चढतात, या तक्रारी पुढे वर्षानुवर्षं होत राहिल्या आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्या होत्या. पण त्या बाईच्या प्रश्नाला, ‘पैका कुठाय?’ या प्रश्नाला, कायद्यानं उत्तर देण्याचा हा प्रयत्न होता. विपुलतेत नव्हे, ओढगस्तीत केलेला. आणि त्यात मदत कुणी वरून टाकत नव्हतं. ती मागायची होती, मागण्याला मुदत बांधलेली होती, आणि मुदत चुकली तर देणाऱ्याला दंड होता.

स्मा तुमच्याकडे वळते. तुम्ही पृथ्वीचे आहात, म्हणते, तुमचं काय मत आहे? जहाजही ऐकतं आहे. या बाबतीत तुम्हाला इतका वेळ कुणी विचारलेलं नव्हतं.

हस्तक्षेप करा किंवा करू नका, यातलं काहीही तुम्ही सांगत नाही. तुम्ही विचारता की खालच्या माणसाला तुमच्याकडे अर्ज करायचा असेल तर तो कुठे करायचा, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल.